एक ठिपका कमी

छापखान्यात तिला सगळे 'स्वल्पविराम बाई' म्हणत. तीस वर्षं तिनं प्रूफं तपासली होती, आणि तिच्या लाल पेनाखालून एकही चुकार स्वल्पविराम जिवंत सुटला नव्हता. लेखक मंडळी तिला टरकून असत. मालक म्हणत, "बाईंनी पान पाहिलं ना? मग छापा डोळे मिटून."

त्यामुळे तिनं तपासलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकात संध्याकाळची गाडी पाचला सुटून साडेचारलाच पोहोचली, तेव्हा गावभर हसं झालं. "आपल्याकडची गाडी पहिल्यांदाच वेळेआधी पोहोचली," असं जो तो म्हणू लागला. तीही हसली. मग घरी येऊन तिनं ते पान पुन्हा काढलं. चूक ओळीच्या अगदी टोकाला होती. मान वळवल्यावर ती दिसली. मान सरळ ठेवली की ओळीचं ते टोक जागेवर नसायचंच.

गेलं वर्षभर दाराच्या चौकटी तिच्या खांद्याला लागत होत्या. ती समजायची, वय झालं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे, आणि बराच पुढे गेलेला. औषधानं आहे ते काही काळ टिकेल, गेलेलं परत येणार नाही. तिनं विचारलं, "किती काळ?" डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं. कदाचित तीन." तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि बाहेर पडताना दाराला धडकली.

घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याची धाकटी बहीण तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. नणंद एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, आणि तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम होती. चर्चमध्ये ती फक्त लग्नाला आणि मर्तिकाला जाई. वहिनीचं मात्र रोज पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अर्धा तास प्रार्थना, आणि रविवारी उपासना, हे लहानपणापासून चुकलं नव्हतं.

डॉक्टरांचं ऐकून नणंद एवढंच म्हणाली, "वहिनी, आता मीठ-साखरेचे डबे मी लावीन. तू हात लावायचा नाही." मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

पुढे आठ महिन्यांनी छापखाना सुटला. मालकांनी भाषण केलं, शाल दिली, सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं घरी आल्यावर ते लाल पेन कचऱ्यात टाकलं. नणंदेनं ते काढून वाण्याच्या यादीसाठी वापरायला घेतलं.

चर्चच्या महिला प्रार्थना गटाची पुढारी होती चष्मेवाली. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते नाव. मनानं वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या दुःखात चपला काढून थेट आतल्या खोलीपर्यंत यायची. बाहेरगावचे एक मोठे प्रार्थनाकर्ते येणार होते. चष्मेवालीनं हट्टच धरला. "प्रभूनं आंधळ्यांना दृष्टी दिली, तुम्हाला देणार नाही का? चला तुम्ही."

ती गेली. पूर्ण विश्वासानं गेली की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी तिनं कपाटातून वाचायचा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला होता, ही गोष्ट खरी. सभागृहात दोनशे माणसं होती. त्या गृहस्थांनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवले. हात गरम होते, घामेजलेले. बायका रडत होत्या, कोणी मोठमोठ्यानं गात होतं. हात निघाले, तेव्हा तिला समोर आधीएवढंच दिसलं. नळकांड्यातून पाहावं तसा त्यांच्या सदऱ्याचा गळा आणि एक बटण.

"दिसलं?" कोणीतरी विचारलं.

"बटण दिसलं," ती म्हणाली.

परतताना चष्मेवाली तिला घरापर्यंत सोडायला आली. दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण कुठेतरी विश्वास कमी पडतोय तुमचा."

आतून नणंद पदराला हात पुसत आली. "विश्वासानं डोळे येत असते ना, तर पहिलं तुमच्या नवऱ्याचं दुकान बसलं असतं."

चष्मेवाली गेली. नणंद स्वतःवर खूश होऊन वळली, तर वहिनी खुर्चीत बसून हातातला चष्मा एकदा उघडत होती, एकदा मिटत होती.

त्यानंतर तिनं प्रार्थना करायचं सोडलं. ठरवून नव्हे. पहाटे साडेपाचला जाग यायची, ती टेबलाशी जाऊन बसायची, आणि शब्द यायचे नाहीत. रविवारी अंग दुखतंय म्हणायची. असे तीन महिने गेले.

एका दुपारी चर्चचे पाळक आले. नव्यानंच नेमलेले, तिशीतले, अंगानं काटकुळे. आल्या आल्या त्यांच्या हातून चहा सांडला. फडकं शोधण्यातच पहिली दहा मिनिटं गेली. ती वाट पाहत होती की आता उपदेश येईल. आला नाही, तेव्हा तीच बोलली.

"पाळकसाहेब, मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. जिथे चूक दिसली तिथे खूण केली आणि ज्याची त्याला परत पाठवली. ही चूक मी कुणाकडे पाठवू?"

पाळक म्हणाले, "ज्याची आहे असं वाटतं, त्याच्याकडेच पाठवा."

"देवाला चुकलास म्हणू?"

"म्हणा. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो, आणि खरं सांगतो, निम्मा वेळ भांडतच असतो. एकट्याचं चालत नाही आता. तुम्हीही या मदतीला."

जाताना ते पुसायच्या राहिलेल्या चहावरून घसरता घसरता वाचले. नणंद म्हणाली, "हा तरी बरा आहे. ह्याला स्वतःचं धड सांभाळता येत नाही, म्हणून दुसऱ्याला शिकवत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे टेबलाशी तिनं भांडायला सुरुवात केली. मोठ्यानं. "तुला माझे कान चालले असते की. पाय चालले असते. नेमके डोळेच का? मी त्या डोळ्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं?" हा कार्यक्रम रोज चालू झाला. ती मुद्देसूद भांडायची. काल कुठे थांबलो ते लक्षात ठेवून आज तिथून पुढे. पलीकडे नणंद पोळ्या लाटत असे, आणि मधूनच म्हणे, "हा मुद्दा परवा झाला, वहिनी."

दीडेक महिन्यानं एकदा पहाट शांत गेली. नणंदेनं विचारलं, "आज लवकर आटोपलं?"

"आज भांडले नाही."

"मग?"

"बसले होते नुसती. कोणी ऐकत नसतं तर मी इतके दिवस भांडले नसते, असं वाटलं."

नणंद चहाचं आधण बघायला गेली.

त्याच आठवड्यात ती अंधशाळेत ब्रेल शिकायला जाऊ लागली. वय वर्षं पंचावन्न. शिकवणारे मास्तर जन्मांध होते, साठीला आलेले, आणि अतिशय तिरकस. पहिले सहा आठवडे तिच्या बोटाखाली ठिपके नव्हतेच, नुसती वाळू होती. ती बोट दाबून दाबून फिरवायची.

"जोर नको, बाई," मास्तर म्हणायचे. "अक्षर नांगरायचं नाहीये."

ती रडकुंडीला आली. बसमध्ये, जेवताना, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा तिचं बोट फिरत राहायचं. शाळेतून घरी येताना एकदा ती नणंदेला म्हणाली, "तीस वर्षं ज्या अक्षरांवर हुकूम चालवला, ती आता मला ओळखही दाखवत नाहीत." सातव्या आठवड्यात एका ओळीत तिला 'पाणी' हा शब्द लागला. तिनं तो मास्तरांना पाचदा वाचून दाखवला. सहाव्यांदा मास्तर म्हणाले, "पाणी पुरे झालं. पुढे चला."

वर्षभरात ती वाचू लागली. हळू, पण चोख. डोळ्यांत आता फक्त उजेड आणि सावली उरली होती. पाळकांनी विचारलं, "येत्या महिन्यात एका रविवारी शास्त्रपाठ तुम्ही वाचाल?" तिनं ब्रेलमधलं बायबल मागवलं. उतारा तिला लहानपणापासून पाठ होता, म्हणून तिनं घरी दोनच वेळा, तेही घाईत, बोट फिरवून पाहिला.

त्या रविवारी नणंद तिला हात धरून व्यासपीठापर्यंत घेऊन गेली आणि तिथेच पहिल्या बाकावर, दाराकडे तोंड करून बसली, म्हणजे संपलं की लगेच निघता येईल. वाचन सुरू झालं. आवाज बरा लागला होता. दहा ओळी नीट गेल्या, आणि ती थांबली.

बोट मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. पुन्हा मागे आलं. चर्चमध्ये कोणी खोकलं. चष्मेवाली मदतीला उठू लागली. पाळकांनी हातानं तिला बसवलं. नणंदेनं ओठ आवळले. बोट तिसऱ्यांदा त्याच जागेवरून गेलं. मग स्वल्पविराम बाईंनी घसा खाकरला आणि पाठ शेवटपर्यंत एका दमात वाचला.

उपासनेनंतर लोक भोवती जमले. "घाबरलात ना मध्येच? होतं असं."

"घाबरले कशाला?" ती म्हणाली. "अकरावी ओळ, तिसरा शब्द. 'द'चा एक ठिपका उठलेलाच नाही. 'दार'चं 'चार' झालंय. मी आधी म्हटलं माझंच बोट चुकतंय, म्हणून तीनदा पाहिलं."

पाळक आधी हसले आणि मग त्यांना हसू आवरेना. नणंद कितीतरी महिन्यांनी मोकळं हसली. "भर चर्चमध्ये देवाच्या पुस्तकातली चूक काढली हिनं!"

"देवाच्या नाही गं. छापणाऱ्यांच्या."

सोमवारी तिनं ते मास्तरांना सांगितलं. ब्रेल छापखान्यात मास्तर आठवड्यातून तीन दिवस प्रूफं तपासायला जात, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. मास्तरांनी त्या ओळीवरून स्वतः दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे माझ्या हाताखालून गेलेलं पान आहे." आणि थोड्या वेळानं, "उद्या माझ्याबरोबर चला."

काम तिच्या ओळखीचं निघालं. एक मुलगी छापील पुस्तकातून मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि ती ठिपक्यांवरून बोट नेत ऐकायची. चूक लागली की हात वर. पहिल्या दिवशी तिनं इयत्ता पाचवीच्या भूगोलात एक नदी पर्वत चढताना पकडली. आठवड्याभरात तिथेही तिचं नाव पडलं. कोणी आणलं कोण जाणे, तेच जुनं.

उजेड गेला तो एका संध्याकाळी, जेवायच्या आधी.

"दिवा लावलास का गं?" तिनं विचारलं.

नणंद टेबलावर ताटं मांडत होती. दिवा केव्हाचा लागलेला होता. ती काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्यातूनच वहिनीला कळलं. ती "बरं," म्हणाली. हात चाचपत खुर्चीत बसली आणि रडली. नणंद तिच्यापेक्षा जास्त रडली. भाजी गार झाली. मग दोघींनी ती गारच खाल्ली.

पहाटे ती टेबलाशी जाऊन बसली. भांडण काढायचा तिचा विचार होता, कारण ह्या वेळी मुद्दा मोठा होता. पण सांगायला निघाली आणि नुसतंच सांगत गेली. काल काय झालं, भाजी कशी गार झाली, नणंद कशी रडली. लहानपणी वडिलांना शाळेतलं सांगायची तसं. सांगून झाल्यावर ती उठली, आंघोळ केली आणि नेहमीच्या बसनं कामावर गेली.

दुपारी डबा खाताना मास्तर म्हणाले, "आज हात फार वेळा वर केलात. बिनसलंय काही?"

तिनं सांगितलं.

मास्तर डबा मिटून बसले. सांत्वनाचे शब्द उगाच दुसऱ्याकडून उसने आणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "कधी कुणाला विचारलं नाही मी. उजेड नेमका असतो कसा?"

ती विचारात पडली. "उन्हात बसलं की पाठ तापते ना, तशी एक ऊब डोळ्यांना लागते. पण ती चटका देत नाही. आणि ती लागली की कोण कुठे आहे, हे हात न लावता कळतं."

"हं," मास्तर म्हणाले. "आणि एवढं गेलं, तरी तुमचा देव आहेच?"

"आहे."

"रागावला नाहीत?"

"रागावलेय की. रागही आहे आणि तोही आहे. मला दोन्ही ठेवायला जागा आहे."

मास्तर मनाशी काहीतरी जुळवत राहिले. घंटा झाली. वाचणारी मुलगी येऊन बसली आणि तिनं पान काढलं. ह्या वेळी गणिताचं पुस्तक होतं, अपूर्णांकांचा धडा. त्यात एका ठिपक्यावर सगळं गणित फिरतं. स्वल्पविराम बाईंनी बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाल्या, "वाच. सावकाश वाच."