बटणांच्या जागी पॅडल

एक ताट घ्या. जेवणाचंच, काठ असलेलं, रिकामं. ते तोंडासमोर उभं धरा आणि दोन्ही बाजूंनी घट्ट पकडा. अंगठे पुढे आले आणि बाकीची बोटं मागे गेली ना? आता समजा, हे ताट म्हणजे जमिनीलगत झोपल्यासारख्या दिसणाऱ्या एका लाल गाडीचं स्टिअरिंग आहे. अंगठ्यांखाली एकेक बटण आहे, ते दाबलं की गिअर बदलतो. मग समजा, ती बटणं काढली आणि मागे, बोटांपाशी, चमच्याएवढ्या दोन पट्ट्या बसवल्या. उजवी पट्टी आपल्याकडे ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. या पट्ट्यांना पॅडल म्हणतात. म्हणजे झालं एवढंच, की अंगठ्यांचं काम बोटांकडे गेलं. पण एवढ्यासाठी दुसरबीड गावात काय काय घडलं, ते ऐका. ताट मात्र हातातच ठेवा, पुढे लागणार आहे.

लाल गाडी मयुरी नावाच्या शाळकरी मुलीच्या आजोबांची, म्हणजे गुलाबरावांची; त्यांना सगळे आबा म्हणत. पुण्याच्या एका माणसाला तिचा कंटाळा आला, तेव्हा आबांनी ती आणली होती. ती ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांच्या मधे उभी असे. गावातल्या तीन गतिरोधकांवर तिचं पोट घासत असे, म्हणून आबांचे मित्र मोतीराम दोन फळ्या घेऊन मोटारसायकलवर पुढे जात, गतिरोधकापाशी त्या मांडत, गाडी गेली की उचलत आणि पुढच्या गतिरोधकाकडे धावत. ताशी तीनशे किलोमीटर पळू शकणारी ती गाडी अशा रीतीने मोतीरामांच्या मागोमाग समृद्धी महामार्गापर्यंत पोचे. गिअर तिचे तीच बदलून घेई. दोन वर्षांत आबांनी ती बटणं एकदाही दाबली नव्हती.

पण दिवाळीला पुण्याहून आबांचा मेहुणा आला. गाडीत बसला आणि हसला.

"दाजी, अजून बटणंच? आता सगळीकडे पॅडल असतात."

त्या दिवसापासून आबांना बटणं खुपू लागली. जी बटणं कधी दाबली नाहीत, तीच आता अंगठ्याला टोचतात असं ते म्हणू लागले.

नवं स्टिअरिंग मोठ्या खोक्यातून आलं. ते बसवायला आबांनी अल्तमशला बोलावलं. त्याचे वडील अब्दुल गनी रस्त्याकडेला पंक्चर काढायचे. अल्तमश चार वर्षं छत्रपती संभाजीनगरात गाड्यांचं वायरिंग शिकून परत आला होता. दुकानावरची पाटी मात्र अजून पंक्चरचीच होती आणि गावही त्याच्याकडे पंक्चरच घेऊन येई. हे एक काम नीट झालं, की लोक आपल्याला मेकॅनिक म्हणतील, असं तो मयुरीला म्हणाला होता. मयुरीला, कारण कामाबद्दल प्रश्न विचारणारी गावात ती एकटीच होती.

त्याने आधी बॅटरीची तार सोडली आणि मग नुसताच बसून राहिला.

"काऊन बे, काम करून राह्यला का झोप काढून राह्यला?" मोतीराम म्हणाले.

"काका, या स्टिअरिंगच्या पोटात हवेची थैली हाय. तार काढल्यावर पंधरा मिनिटं थांबाच लागते. घाई केली त माह्या तोंडावर फुटन."

"पंक्चरले त इतका वेळ नाई लागत."

सगळे हसले. अल्तमशही हसला, पण जरा उशिरा.

त्या पंधरा मिनिटांत त्याने मयुरीला ताटावर शिकवलं, आता मी तुम्हाला शिकवलं तसंच. वर एक गोष्ट जास्तीची सांगितली. "अन् दोन्ही एका वेळी ओढले त गाडी मोकळी होते. इंजिन बोंबलते, चाकं ऐकत नाई."

दुपारपर्यंत स्टिअरिंग बसलं. अल्तमशने गाडी महामार्गापर्यंत नेऊन आणली, बोटांनी गिअर वर-खाली करून दाखवले. सगळं ठीक होतं. तो हात धुऊन घरी गेला.

मग मयुरीची आजी, सरस्वतीबाई, पूजेचं ताट घेऊन आली. नव्या वस्तूला हळदकुंकू आणि लाल नाडा हवाच. पण सरस्वतीबाईंच्या गुडघ्यांना त्या झोपलेल्या गाडीत शिरणं जमेना.

"मयुरे, तू जाय व आत. नाडा पक्का बांधजो. सव्वा महिना सुटला नाई पाह्यजे, आबाच्या जिवाचं काम हाय."

मयुरी आत बसली. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत, नाडा सारखा घसरे. मग तिला डाव्या हाताला मागची पट्टी सापडली. नाडा अडकवायला देवानेच खुंटी दिल्यासारखी! गाडी बंद, म्हणजे पट्टीलाही काही काम नव्हतं. पट्टी आणि स्टिअरिंगची कड एकत्र धरून तिने पाच वेढे घेतले, ओढून निरगाठ मारली. कुठेतरी 'टिक' असा आवाज झाला. गाठ पक्की बसली, असं तिला वाटलं.

संध्याकाळी आबांनी गाडी काढली आणि गाडीने अशी डरकाळी फोडली, की चौकातली माणसं चहा टाकून उभी राहिली.

"हाच पॅडलचा आवाज!" मोतीराम फळी उचलत ओरडले.

आबांची छाती फुगली. पण गाडी पहिल्या गिअरच्या पुढे जाईना. डरकाळी वाघाची आणि चाल म्हशीची. महामार्गाच्या वळणापर्यंत जाताना एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला आणि शिवाय मागे वळून बघत गेला.

सकाळी अल्तमशला बोलावलं. त्याने आत वाकून बघितलं आणि त्याचा हात थबकला.

"काकू, हा नाडा..."

"हात नको लावू त्याले!" सरस्वतीबाई बाहेरून ओरडल्या. "पूजेचा हाय. सव्वा महिना सोडत नसतेत."

अल्तमशने हात मागे घेतला. दुसऱ्याच्या देवाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे अब्दुल गनींनी त्याला पान्हा धरायच्या आधी शिकवलं होतं. आणि विचारल्यावर हे असं उत्तर आलं होतं.

"काका, काम बरोबर हाय माह्यं," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?" आबा भडकले. "काल बटणं होती तवा पळत होती ना? तूच बिघडवली."

"पंक्चरवाल्याले इमान दिलं उडवाले," मोतीराम म्हणाले.

अल्तमश मान खाली घालून गेला. दुपारपर्यंत चौकात हीच गोष्ट होती. गावातल्या उकंडरावांनी त्याच्याकडे दिलेला ट्रॅक्टरचा डायनॅमो परत नेला. तो त्यांनी शेजारच्या बिबी गावच्या मिस्त्रीकडे नेला म्हणे.

घरी मात्र आजीने खरं कारण शोधून काढलं. "डाव्या अंगाले नाडा बांधला अन् उजवं अंग उघडं राह्यलं. नजर तिकूनच शिरली. मयुरे, उजवीकडे बी बांध."

मयुरीने उजवीकडेही बांधला. पाच वेढे, निरगाठ. टिक.

यानंतर गाडी बोंबलली, पण जागची हललीच नाही.

तेव्हा आबांनी पुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, "दाजी, खेड्यात कशाला बसवलं? मोठ्या वर्कशॉपला पाठवा. नाहीतर जुनी बटणंच लावून घ्या. बटणंही वाईट नव्हती." गाडी उचलून न्यायला संभाजीनगरहून ट्रक निघाला.

संध्याकाळी मयुरी जेवायला बसली. आईने अजून वाढलं नव्हतं. तिने सवयीने रिकामं ताट उभं धरलं. तुमच्याही हातात आहेच, तिच्याबरोबर करून बघा. डाव्या बोटांनी ओढा. गिअर खाली. सतत ओढून धरा. गाडी खालच्याच गिअरला अडकेल. आता उजव्या बोटांनीही ओढा. दोन्ही एका वेळी...

ताट तिच्या हातातच राहिलं. इंजिन बोंबलते, चाकं ऐकत नाई.

टिक. टिक.

नाडा सगळ्यांना दिसत होता. आबांना, मोतीरामांना, बघायला आलेल्या अर्ध्या गावाला. पण गाडीत नाडा असायचाच, म्हणून तो कोणाच्याच डोळ्यांत भरला नव्हता. ज्याच्या डोळ्यांत भरला, त्याला हात लावू दिला नव्हता.

"आजी," ती हळूच म्हणाली, "नाडा आधीच सोडला त काय होते?"

"असं तोंडातून काढू नाई व! गाडी चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते."

मयुरीला आबांची भीती वाटत होती आणि आबांसाठीही भीती वाटत होती. तेवढ्यात फाटकापाशी ट्रक आला. अंगणात दहा-बारा माणसं जमली. आबा फोनवर बोलत होते, मोतीराम ट्रकवाल्याला फळ्या कुठे ठेवायच्या ते शिकवत होते.

"कोनी बसवलं हे?" ट्रकवाल्याने साखळी काढत विचारलं.

"आमच्या इथला एक पंक्चरवाला हाय," मोतीराम म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

मयुरी ताट ठेवून उठली. अंगणात जाऊन तिने आबांचा सदरा ओढला. "आबा, मले काही सांगायचं हाय."

"थांब व जराशी, मोठी माणसं बोलून राह्यली."

ती मोतीरामांकडे गेली. त्यांनी तिला साखळीपासून लांब हो म्हणून सांगितलं.

मग ती गाडीत जाऊन बसली. डावी निरगाठ दातांनी सोडवली, उजवी नखांनी. नाडे तिने टाकले नाहीत. दोन्ही स्वतःच्या मनगटाला गुंडाळले, म्हणजे सव्वा महिना पुरा होईल आणि काही बेतायचं असेल तर ते आबांवर बेतणार नाही. किल्ली काढून मुठीत घेतली आणि दुसऱ्या हाताने सगळा जोर लावून हॉर्न दाबला. सगळे वळून बघेपर्यंत दाबून धरला.

"नाडे मी बांधले होते!" ती खिडकीतून ओरडली. "पॅडलले बांधले होते. अल्तमशदादाचं काम बरोबरच होतं."

आजीने तोंडावर पदर धरला. आबांनी तिच्या मनगटाकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"आण इकडे. चालू करून पाह्यतो."

"तुमी नाई," मयुरी म्हणाली. "ज्यानं बसवलं, तोच चालू करन. सगळ्यायच्या समोर."

आणि किल्ली मुठीत घट्ट धरून, चपला न घालताच, ती अल्तमशच्या दुकानाकडे पळत सुटली.