ब्रेकमधली हवा

“दाब.”

पंढरीनाना मागच्या डाव्या चाकापाशी पोतं अंथरून आडवे झाले होते. चाक काढून भिंतीला टेकवलेलं. ब्रेकच्या ड्रममागे जी छोटी निपल असते तिला त्यांनी पारदर्शक नळी लावली होती आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं होतं.

“दाबलं, बाबा.”

“धर.”

त्यांनी पाना जरासा फिरवला. नळीतून तेल सरकत आलं, तेलाबरोबर बुडबुडे, तुळशीच्या मण्यांएवढे. ते बाटलीत उतरेपर्यंत थांबायचं, निपल आवळायची आणि मग वरच्या माणसाने ब्रेकच्या पेडलवरून पाय उचलायचा, एवढंच काम. पण नानांनी निपल आवळायच्या आधीच नळीतलं तेल उलटं धावलं. आलेली हवा परत आत गेली.

“बाय, मी सोड बोललो का?”

“लूमच्या आवाजात मला सोड ऐकू आलं.” गाडीच्या सीटवरून हेमालीचा आवाज आला. “सॉरी, बाबा.”

भिवंडीत माग शुक्रवारी थांबतात आणि गोडाऊनला सुट्टी रविवारची. नानांची सून हेमाली माणकोलीच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होती. म्हणजे ती घरी असायची तेव्हा शेजारच्या शेडमधले माग जोरात असायचे. नानांच्या स्वतःच्या शेडमधले माग केव्हाच भंगारात गेले होते. तिथे आता ही गाडी उभी होती. हिरवी, बुटकी, बिनटपाची, दोनच सीटची विलायती एमजी, वयाने नानांपेक्षा थोडी मोठी. कशेळीच्या एका बंद गोडाऊनमध्ये कापडाच्या कुजलेल्या गाठींमागे ती हेमालीच्या नवऱ्याला, भावेशला सापडली होती. टेम्पोवर घालून त्याने ती घरी आणली तेव्हा नानांच्या पत्नी राहीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी! आम्ही दोघांनी काय मागून टाळ वाजवत धावायचं?”

भावेश खूप हसला होता. पहिल्याच दिवशी मिलिमीटरचा पाना लावून त्याने एका बोल्टाची कड मारली. मग नानांनी माळ्यावरून मागाच्या हत्यारांची जुनी पेटी उतरवली. मागही विलायतेतून आलेले, त्यांचे पाने इंचाचे. पेटीतले बरेचसे गाडीला बसले. बाप खाली आणि मुलगा पायावर, असे कितीतरी रविवार गेले. मग एका श्रावणात भावेशला ताप आला, आणि त्या तापातून तो उठला नाही.

गाडीवर वर्षभर चादर होती. ती हेमालीने काढली. कोणाला न विचारता एका रविवारी काढली, घडी करून ठेवली आणि म्हणाली, “बाबा, यात मला काय करता येईल ते सांगा.”

तेव्हापासून ती पायावर होती.

“परत दाब.”

“दाबलं.”

“धर.” नानांनी पाना लावला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एका हाताने त्यांनी तो कानाला लावला. “बोला.”

फोन दाजींचा होता, नानांच्या बहिणीचे यजमान, पडघ्याहून. मागांच्या खडखडाटात ते ओरडूनच बोलत होते.

“नाना, त्या माणसांना मी काय सांगू? मुलगा चांगला हाय, पोरीच्याच गोडाऊनला हाय, तिला ओळखतो. बायको गेली त्याची. बिचारे लग्नासाठी थांबायला तयार हायत, पण कवर थांबतील?”

“दाजी, मी तिला कधी नको बोललो न्हाय. तिच्या मनावर हाय.”

“तिनं काय निरोप दिलाय ठाऊक हाय का तुमाला? बाबांची गाडी झाली की सांगते! मग ती तुमची गाडी होणार कवा, तेवढं तरी सांगा!”

पडून पडून नानांना गाडीचा तळ दिसत होता, त्यावरून गेलेली ब्रेकची नवी नळी दिसत होती. ती नळी हेमालीने वाकवली होती, मोजून, एकही सुरकुती न पडू देता.

“बघतो,” ते म्हणाले. “राम कृष्ण हरी.” आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी पाना फिरवला.

तेल परत उलटं धावलं.

“अगं!”

“तुम्ही राम कृष्ण हरी म्हणालात ना!”

यात तिची चूक म्हणता आली नसती. त्या घरात राम कृष्ण हरी म्हणजे आटपलं. फोन ठेवताना तेच, ताटावरून उठताना तेच, भजन संपवतानाही तेच. ते ऐकलं की हातातलं सोडायचं, ही सगळ्यांचीच सवय. उंबऱ्यावर वाल सोलत बसलेल्या राहीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

“बुवा, देवाचं नाव जरा मनात घ्या. न्हायतर ब्रेक लागायच्या आधी वैकुंठ लागंल.”

हेमालीही हसली. नानाही हसले, पण त्यांचं लक्ष दाजींच्या बोलण्याकडेच राहिलं.

मग मात्र त्यांनी तोंड बंद ठेवलं. दाब, धर, सोड, याखेरीज चौथा शब्द काढला नाही. मधेच लाईट गेली, शेजारचे माग एका क्षणात गप्प झाले, तरी ते काम करतच राहिले. मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं डावं झालं. पण नाना मधूनच उठून पायाने पेडल दाबून बघत, तर ते अजून उशीसारखं मऊ. कुठेतरी हवा होतीच.

जेवायला नाना आणि राहीबाई बसले. हेमाली अंगावरचं तेल धुवायला गेली होती. वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती. नाना दुसरी भाकरी मोडत होते तेव्हा राहीबाई हळूच म्हणाल्या,

“एक सांगू? रागावू नका तिच्यावर.”

“काय केलं तिनं?”

“मगाशी लाईट गेली तवा लूम बंद व्हते. सगळं ऐकू येत व्हतं. तुमी धर बोललाव. पोरीनं मागं बघितलं, तुमचे पायच तेवढे दिसत व्हते. आन हळूच पाय उचलला. तुमचं ध्यान न्हवतं, पण मी उंबऱ्यावरून बघितलं.”

नानांचा हात ताटावर थांबला.

“मुद्दाम?”

“आता मुद्दाम काय आन सहज काय.” राहीबाईंनी त्यांच्या ताटात बिरडं वाढलं. “माझ्या गुडघ्यांचं आपरेशन झालं तवा मला न्हाऊ घालायची ती. पाठ चोळता चोळता कीर्तनातली चाल गुणगुणायची, मला लाज वाटू नये म्हणून. अशी पोर जाताना सरळ जाईल व्हय?”

नानांना हरिनाम सप्ताहातली एक दुपार आठवत होती. सप्ताह चालू असेपर्यंत वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने येऊन, पाया पडून, ती आपल्या गळ्यात घ्यायची. त्या दुपारी नानांच्या नंतर महादूचा पहारा होता आणि महादू जेवून झोपला. नाना उभे राहिले. हाक मारली नाही. मंडपात माणसं येत होती, देवाला नमस्कार करून जात होती, त्यांच्याही पाया पडत होती. वीणा घ्यायला मात्र कोणी पुढे येत नव्हतं. संध्याकाळी कीर्तनकार बुवांच्या कानावर ते गेलं. कीर्तनात मधेच टाळ थांबवून बुवा म्हणाले, “उभा राहिला त्याचं भलंच झालं. पण आपल्यापायी कुणी उभं आहे, हे ज्याला कळलंच नाही, त्या झोपलेल्याचं काय हो?” महादू पहिल्याच रांगेत होता. मंडप हसला. सगळ्यांत मोठ्याने नाना हसले होते.

ते पाणी प्यायले आणि कीर्तनातून उठावं तसे हात जोडून उठले.

आता शेवटचं चाक राहिलं होतं, पुढचं उजवं. ते ड्रायव्हरच्या दाराला लागूनच. नाना पोत्यावर बसले तेव्हा उघड्या दारातून त्यांना हेमालीचे पाय दिसत होते. चप्पल काढून ती अनवाणी बसली होती. लाईट परत आली होती, माग चालू होते, पण इतक्या जवळून ओरडायची गरज नव्हती.

“हेमाली.”

“हां, बाबा.”

“लाईट गेलेली तवा मी धर बोललो व्हतो.”

स्टिअरिंगच्या कडेवरून तिचा अंगठा फिरत राहिला.

“ऐकू आलं होतं,” शेवटी ती म्हणाली.

“मग?”

“गाडी झाली की रविवारी तुम्ही काय करणार?”

नानांनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“झोपीन,” ते म्हणाले. “तीस वर्षं लूमच्या आवाजात झोपलो न्हाय. झोपीन की.”

ती हसली, पण अर्धंच.

“आन मी काय बोलतो ते ऐक. आईचे गुडघे, माझं पथ्य, हे घर, सगळं तू धरलंस. आमी बघत व्हतो. बघून गप्प बसत व्हतो. तू आपणहून बोलणार न्हायस, हे आमाला बरं पडत व्हतं.” नानांनी पाना पोत्यावर पुसला. “जा असं मी बोलत न्हाय. राहा असंही बोलत न्हाय. राहिलीस तर घर तुझंच हाय. पण या गाडीमागं लपू नको. आन मलापण लपवू नको. मीपण लपतोच हाय.”

पलीकडे कोणीतरी मागावर तुटलेला धागा जोडत असावं, एक माग थांबला आणि परत चालू झाला. हेमालीने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. मग ती सीटवर जरा पुढे सरकून बसली.

“दाबू?”

“दाब.”

पाय खाली गेला.

“धर.”

नानांनी पाना फिरवला. तेल आलं, एक मोठा बुडबुडा आला, त्याच्यामागून बारीक बारीक. पाय हलला नाही. त्यांनी निपल आवळली. “सोड.” परत दाब, परत धर. या वेळी बुडबुडे कमी. पुढच्या वेळी एकच आला, नळीच्या बाकात अडकला आणि मग सुटला. त्यानंतर तेल आलं ते सलग, मधासारखं, त्यात काहीच नव्हतं.

“राम कृष्ण हरी,” नानांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी दचकून दाराकडे बघितलं. हेमालीचा पाय होता तिथेच होता. बोटं पेडलवर घट्ट टेकलेली, नखं पांढरी पडलेली. तिने ऐकलं होतं. पण धरलं होतं.

नानांनी निपल आवळली.

“झालं का, बाबा?”

नळीत हवा नव्हती. नानांनी ती उजेडाकडे धरून बघितली, पुन्हा बघितली.

“हाय अजून थोडी,” ते म्हणाले. “धरून ठेव. एकदा बघू.”

तिने धरून ठेवलं. नानांनी निपल उघडली, स्वच्छ तेल आलं, निपल बंद केली. सोड म्हणाले नाहीत. कपड्याने निपल पुसली. तिच्याभोवतीचा ड्रम पुसला. मग ड्रमच्या बाजूची, जिथे तेल उडालंच नव्हतं ती जागाही पुसली. वरून काही विचारणा आली नाही. पेडलवरचा पाय आता बारीक थरथरत होता.

“अवो,” उंबऱ्यावरून राहीबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन बसल्या होत्या कोण जाणे. “पाय अवघडला असंल पोरीचा. सोडा आता तिला.”

नानांनी निपलवर रबराची टोपी बसवली. अंगठ्याने दाबून ती नीट बसल्याची खात्री केली.

“सोड, बाय,” ते म्हणाले.

हेमालीने पाय उचलला. मग परत एकदा पेडल दाबून बघितलं. ते थोडंसं खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं. ती उतरली, एका पायावर जरा लंगडत दाराला धरून उभी राहिली. नाना गुडघ्यांवर हात टेकत उठले. त्यांनी सुताच्या वेस्टने, टाकाऊ धाग्यांच्या बोळ्याने हात पुसले, बोटं एकेक करून.

“हे तेल वर्षातून एकदा बदलावं लागतं,” ते म्हणाले. “गाडी तुझ्याबरोबर तिकडं गेल्यावरपण.”

हेमालीने त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

“एकट्याचं काम न्हाय हे. एक पायावर लागतो, एक खाली. तू पायावरच बस, तुझा पाय चांगला हाय.” ते वेस्टची घडी करत होते, जणू तो रुमाल होता. “त्याला विचारून बघ, खाली आडवं व्हायची लाज तर वाटत न्हाय ना.”

माग चालू होते, तरी नीट ऐकू यावं म्हणून राहीबाईंनी उरलेले वाल सोलायचे थांबवले होते.

“विचारते,” हेमाली म्हणाली, आणि खाली वाकून तिने जुन्या तेलाची बाटली दोन्ही हातांनी उचलली, सांडू नये म्हणून.