आज सम का विषम?

सत्यमचा फोन आला तेव्हा पुंजाराम आणि सरूबाई सिल्लोडहून निघून फुलंब्रीच्या पुढं आले होते. "बाबा, माझ्या बॅगेची चेन तुटली. गुलमंडीच्या बाजारातून एक मोठी बॅग घेऊन या. पण तीनच्या आत विमानतळावर पोचा, मग मला आत जावं लागंल." पोरगं चिकलठाण्याच्या कंपनीत होतं आणि कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडत होती. दोन वर्षं! पोरगं जाण्याआधी पुंजारामला त्याला एकदा डोळे भरून बघायचं होतं, बाकी काही नको. सरूबाईचा संकष्टीचा उपास होता, तरी पहाटे उठून तिनं धान्य-डाळी भाजून, दळून येसूर केला होता. तो मसाल्याचा डबा डिकीत होता.

दीड वाजता गाडी गुलमंडीत शिरली आणि पुंजारामचं डोकं फिरायला लागलं. पहिल्या फेरीत जी जागा दिसली, तिथं त्याच्या डोळ्यांदेखत तीन मोटारसायकली घुसल्या. दुसऱ्या फेरीत एका दुकानदारानं दुकानापुढं स्टूल आणि वर वीट ठेवलेली. "मालाची गाडी येणारे," म्हणे. मालाची गाडी कधी यायची? संध्याकाळी! तिसऱ्या फेरीला पैसे घेऊन गाड्या लावू देतात त्या वाड्याजवळ तो थांबला, तर तिथला माणूस आतूनच ओरडला, "फुल्ल है चाचा, आगे लो!"

"आरं, पैसे देतो म्हणतोय ना मी!"

"पैसे देके भी जगा नै चाचा. तुमकू क्या मेरे सर पे खडी करनी है?"

मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. पुंजाराम दात-ओठ खात पुढं निघाला. "गावाकडं माझ्या खळ्यात पन्नास गाड्या उभ्या राहतील," तो सरूबाईला म्हणाला, "आन् हितं एक चाक टेकवायला जागा नाय! लई माजलंय हे शहर!"

"मग खळ्यात लावा की," सरूबाई म्हणाली. "पावणेदोन झाले."

तेवढ्यात गल्लीच्या वळणावर रस्त्याची एक बाजू मोकळी दिसली. समोरच्या बाजूला मुंगी शिरायला जागा नव्हती आणि ही बाजू लख्ख रिकामी. तेव्हा तरी माणसाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पण गरजवंताला कुठली आलीय अक्कल! खांबावर पाटी होती: 'सम तारखेस वाहने येथे उभी करावीत.'

"सरू, आज काय गं?"

"चतुर्थी," सरूबाई चटकन म्हणाली. उपास होता, दुसरं काय येणार तोंडात?

"चार. म्हंजी सम! बघ, देव पावला." त्यानं गाडी लावली, काच वर केली, दार दोनदा ओढून बघितलं.

बॅग घ्यायला वीस मिनिटं लागली. सरूबाईनं घासाघीस केल्याशिवाय आजवर सुईसुद्धा घेतलेली नाही. ती भलीमोठी निळी बॅग खडखड ओढत दोघं वळणावर आले, तर गाडी नाही. नाहीच! पुंजाराम पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला.

"क्रेन घेऊन गेली," चहाच्या टपरीवरचा म्हातारा म्हणाला. "आज विषमची बाजू समोरची हाय. सतरा तारीख ना."

"आवो, पण आज चतुर्थी हाय!"

टपरीवरचे सगळे हसले. म्हातारा तेवढा हसला नाही. "पाव्हणं, सरकार पंचांग बघत नाय," तो म्हणाला आणि गाड्या कुठं नेतात तो पत्ता त्यानं नीट समजावून दिला.

"तुला तारीख इचारली होती!" पुंजाराम बायकोवर खेकसला.

"आज काय, एवढंच इचारलं तुम्ही. मला काय सपान पडणार?" सरूबाईनं बॅग पुढ्यात ओढली. "आता भांडू नका. रिक्षा करा, दोघं जाऊ. गाडी मागून सोडवू."

"आन् येसूर? पोरगं दोन वर्षं तिकडचं अळणी खाईल व्हय? तू बॅग घेऊन हो पुढं. मी धा मिनिटांत आलोच."

दहा मिनिटं! उचललेल्या गाड्या ठेवतात तिथं पुंजाराम पोचला तेव्हा दंडाच्या खिडकीपुढं नऊ माणसं रांगेत. नंबर आला तेव्हा त्यानं नोटा पुढं केल्या, तर खिडकीतला म्हणाला, "रोख नाही. स्कॅन करा." पुंजारामच्या फोनवर पैसे पाठवायचं काम सत्यमच करायचा. आता सत्यमला काय सांगणार? त्यानं रांगेतल्या अनोळखी माणसांपुढं नोटा धरून अक्षरशः हात जोडले. दोघांनी मान फिरवली. तिसऱ्यानं दंड भरून दिला आणि रोख घेतली, तेव्हा तीनला पाच कमी होते. गाडी रस्त्यावर काढली तेव्हा त्याला रडू फुटत होतं, पण जालना रोडच्या गर्दीत रडायलाही सवड नव्हती.

विमानतळावर गाडी लावायला एवढी जागा होती की नांगर फिरवावा. पुंजाराम त्या मोकळ्या जागेकडं बघून मनातल्या मनात शिव्या हासडत डबा घेऊन पळाला. दाराशी सरूबाई एकटीच उभी होती.

"गेला?"

"लई थांबला. वळूवळू बघत व्हता. शेवटी त्या दारावरच्या शिपायानं आत धाडलं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "बाबा कुठंय, बाबा कुठंय, हेच चाललं व्हतं."

काचेपलीकडं माणसांची ये-जा होती. त्यात सत्यम कुठंच दिसेना. मग खिशातला फोन वाजला.

"बाबा, आईनं सांगितलं. चतुर्थी व्हय?" पोरगा हसला, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"चुकलं रं," पुंजाराम म्हणाला. "येसूर माझ्याच हातात राहिला."

"राहू द्या. मी आल्यावर खाऊ. कंपनीनं परतीचा दिवस कळवलाय, लिहून ठेवा."

"तारीख सांग. तिथी नको."

"अकरा मार्च."

पुंजारामनं डबा छातीशी घट्ट धरला.

"अकरा म्हंजी विषम," तो म्हणाला. "पहाटेच येऊन बसतो मी."