अर्धी कार्मिनने म्हणायची

शुक्रवारी सकाळपासून माझा पाय घरात ठरत नव्हता. केळींना पाणी सोडलं ते बंद करायला विसरलो. इस्त्रीचा शर्ट घालून मी वाडीत चिखलात उभा आहे, हे मला शेजारच्या हेलनने सांगितलं.

"रॉबर्ट, सिनेमा दुपारी आहे. आणि त्यात तू नाहीस," ती कुंपणापलीकडून ओरडली.

सिनेमात माझी बायको होती. कार्मिन. ईस्टरनंतर ती गेली आणि तिचा शेवटचा सिनेमा त्या दिवशी लागणार होता. वसईजवळच्या आमच्या गिरीज गावाहून आम्ही बस केली होती, लग्नाला करतो तशी. तिची वर्षाची मिस्सा, म्हणजे वर्ष झाल्यावरची चर्चमधली प्रार्थना, अजून व्हायची आहे, आणि तोवर आमच्याकडे करमणुकीला जात नाहीत. पण हेलनने चर्चच्या दारात जाहीर करून टाकलं, "करमणुकीला कोण चाललंय? कार्मिनला भेटायला चाललोय." मग बसमध्ये जागा कमी पडली.

कार्मिन आधी गावच्या सणाला नाटकात काम करायची. एकदा वसईच्या किल्ल्यात एका मालिकेचं शूटिंग होतं. गर्दीत उभी करायला माणसं हवी होती. ही भाजी विकून परत येत होती, ती टोपलीसकट जाऊन उभी राहिली. तिथून सुरुवात झाली. पुढे ती पडद्यावर नर्स झाली, नन झाली, वरच्या मजल्यावरची मिसेस फर्नांडिस तर कितीदा झाली. अंगात फ्रॉक, हातात ग्लास आणि तोंडी मोडकं मराठी. घरी येऊन म्हणायची, "माझ्या आईने जन्मात फ्रॉक घातला नाही. आणि मराठी या लेखकांपेक्षा बरं बोलायची." पण काम सोडलं नाही. कॅमेऱ्यासमोर तिचा चेहरा उजळायचा. मला ते माहीत आहे, कारण घरी येईपर्यंत तो तसाच असायचा.

एकदा एका मोठ्या सिनेमात काम मिळालं, तेव्हाही आम्ही असेच सगळे गेलो होतो. पडद्यावर तिचं फक्त कोपर दिसलं. बाकीचं कापलं होतं.

परतताना हेलन म्हणाली, "कोपर छान होतं हो. बघताक्षणी ओळखलं."

सगळ्यांत जास्त कार्मिनच हसली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही.

या सिनेमात ती पहिल्यांदाच आमच्यातली, वसईची ख्रिस्ती बाई होती. माझ्या आईचं लाल लुगडं नेसलेली, रिकाम्या घरात एकटीच संध्याकाळची रोझरी म्हणणारी म्हातारी. रोझरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, आम्ही प्रार्थना वाटून म्हणतो. 'नमो मारिये'ची पहिली अर्धी एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. अशा दहा झाल्या की एक भाग पुरा होतो. आमच्या घरी पहिली अर्धी कार्मिनची, दुसरी माझी. ती गेल्यापासून मी देवाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून बसतो, पण सुरुवात कोण करणार? थोडा वेळ बसतो आणि मेणबत्ती विझवतो.

शूटिंगला डायरेक्टर तिला म्हणाला, "सलग म्हणा, मावशी. तुम्ही घरात एकट्या आहात."

ही ऐकेना. "एकटी असले तरी मी थांबणार. समोरच्याची जागा ठेवायची असते." शेवटी तो हो म्हणाला.

मला भीती त्याचीच होती. नुसती गप्प बसलेली बाई सिनेमात कोण ठेवतं? डायरेक्टरच्या असिस्टंटला, हर्षवर्धनला, फोन केला तर तो म्हणाला, "काका, एडिटिंगला मी नव्हतो. तुम्हीच बघून सांगा." आज दिसली तर दिसली. नाहीतर गावाच्या लक्षात शेवटी तिचं कोपरच राहणार होतं.

थिएटरच्या दारात पिशव्या तपासत होते. हेलनने सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, लुगड्याच्या ओच्यात बांधून आत नेली आणि अंधार झाल्याबरोबर वाटायला घेतली. पुढचा एक जण मागे वळून बघायला लागला, तर त्यालाही दिली.

सिनेमा सुरू झाला. हिरो आला, गाणं झालं, भांडण झालं. कार्मिन नाही. मध्यंतर झालं. कोणी माझ्याकडे बघेना. माझी मुलगी सँड्रा म्हणाली, "डॅडी, चहा आणू?" मी नको म्हटलं. हातातलं सुकेळं मी दाबून दाबून चपटं केलं होतं.

मध्यंतरानंतर एक ओटी दिसली. आणि ओटीवर लाल लुगडं.

"आली!" हेलन एवढ्या जोरात ओरडली की अख्खं थिएटर हसलं. कोणी शिट्टी मारली. मी खुर्चीच्या कडेवर आलो. तिने क्रुसाची खूण केली, हातात माळ घेतली आणि आमच्या घरातल्याच आवाजात 'नमो मारिये'ची पहिली अर्धी म्हटली.

आणि थांबली. कापलं नव्हतं!

मला उभं राहून नाचावंसं वाटलं. पण त्या शांततेत हेलनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पवित्र मारिये, देवमाते..." आणि आमच्या सगळ्या रांगा तिच्यामागे म्हणायला लागल्या. आमचं आमेन झालं आणि पडद्यावर कार्मिनने दुसरी सुरू केली. जराही मागेपुढे नाही. तिने जागा बरोबर मोजून ठेवली होती.

"चर्च आहे का हे?" मागून एक जण म्हणाला.

"गप बस रे, भारी चाललंय," दुसरा म्हणाला.

तिसरीला माझाही आवाज निघाला. पहिल्यांदा फाटका, मग नीट. ती म्हणत होती, मी उत्तर देत होतो. चौथी झाली आणि पडद्यावर एकदम मुंबईतलं ऑफिस आलं. हिरो फोनवर बोलत होता.

हेलनने मला कोपराने ढोसलं.

"रॉबर्ट, दहा व्हायच्या आहेत. अशी अर्धवट सोडतात का?"

"पण ती गेली," मी म्हटलं.

"मग तू म्हण ना तिची!"

हिरो काय बोलत होता मला माहीत नाही. मी माळेच्या मण्यांसारखी बोटं धरली आणि पाचवीची पहिली अर्धी मोठ्याने सुरू केली.