तीन मावश्या

कारखान्याच्या खरेदी विभागात माझी उभी हयात गेली. तिथला नियम साधा आहे: तीन ठिकाणची कोटेशन्स हातात आल्याशिवाय साधा स्क्रूही घ्यायचा नाही. नमुना मागवायचा, उलटापालटा करून बघायचा, मग शेरा मारायचा. नवरा म्हणतो, "नशीब माझं, तू मला ऑफिसबाहेर भेटलीस. नाहीतर आणखी दोन नवरे बघून आली असतीस." त्याला चेष्टा सुचते. पण मुलीसाठी थेरपिस्ट शोधायची वेळ आली, तेव्हाही मी नेमकं तेच केलं.

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती, आता सहाची आहे. आमच्याआधी एका घराने तिला संस्थेतून दत्तक नेलं होतं आणि काही महिन्यांत 'जमत नाही' म्हणून परत आणून सोडलं होतं. उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवते म्हणून नवरा तिला खारूताई म्हणतो. गुडघा फुटला तरी ती माझ्याकडे येत नाही, स्वतःच नळाखाली पाय धरते. अनोळखी बाईच्या मात्र मांडीवर जाऊन बसते. मला पहिल्या दिवसापासून आई म्हणते. एकदा दुकानातल्या बाईलाही म्हणाली.

मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कुणावर विसंबायचं हे हिला कधी शिकायलाच मिळालं नाही. या कामातला चांगला थेरपिस्ट बघा. घाई नको, दोन-तीन जणांना भेटा."

दोन-तीन जणांना भेटा! हे तर माझ्या हातचं काम.

पहिल्या बाईंच्या खोलीत लाल खुर्च्या होत्या आणि भिंतभर खेळणी. "आपण एका मावशींना भेटायला जाऊ," एवढंच मी खारूला सांगितलं होतं. ती आत गेली आणि पाच मिनिटांत त्यांच्या गळ्यात पडली. बाईंनी हसत दार लोटलं. बाहेर मी एकटी. खरं सांगते, दार लागलं आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी बूट काढून पाय पसरले. तो तास संपूच नये असं वाटलं. असं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली, पण बूट काही मी घातले नाहीत.

परत येताना विचारलं, "आवडल्या का मावशी?"

"आवडल्या. मी आवडले का त्यांना?"

"खूप आवडलीस!" मी तोंड भरून म्हणाले. पोरीला हुरूप यावा म्हणून. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिने अंथरूण ओलं केलं.

दुसऱ्या बाई तरुण होत्या, वाळूत खेळ मांडायच्या. तिथेही तेच. गळ्यात पडणं, दार, बाहेर मी. घरी येताना मी म्हणाले, "अजून एक मावशी बघू, मग तू सांग तुला कुठल्या हव्यात." निवड तिचीच असावी, नाही का? माझी मलाच शाबासकी.

तिसऱ्या वेळी तिने आपणहून नवा फ्रॉक घातला आणि दप्तर पाठीला लावलं. रविवारी दप्तर कशाला, असं म्हटलं तर नुसती हसली. बाहुल्या असतील, म्हणून मी सोडून दिलं.

या तिसऱ्या बाई वयस्कर होत्या. खोलीत दोन सतरंज्या आणि एक कपाट, बाकी काही नाही. त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही कुठे निघालात? बसा इथेच." मी मनातल्या मनात त्यांचे दोन गुण कापले.

खारू त्यांच्या मांडीवर चढायला गेली. त्यांनी तिला हळूच शेजारी बसवलं. "दप्तर बरंच फुगलंय. काय आणलंस?"

तिने एकेक वस्तू काढून मांडली. दोन फ्रॉक. मोजे. टूथब्रश. बिस्किटांच्या चुऱ्याने भरलेला डबा.

"मी सगळं खाते," ती म्हणाली. "रात्री हाक मारत नाही. अंथरूणपण ओलं करत नाही. म्हणजे, काल केलं. पण रोज नाही."

"इथे राहायचंय असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पण आई मावश्या दाखवतेय ना. मला लाल खुर्च्यांवाल्या मावशी चालतील. तुम्हीपण चालाल." मग समजावल्यासारखं म्हणाली, "आधीची आईपण म्हणाली होती, मावशींना भेटायला जाऊ."

आपण नमुने तपासतोय अशा तोऱ्यात मी होते, आणि सहा वर्षांची पोर दर वेळी स्वतःच नमुना होऊन उभी राहत होती. वर मी तिला सांगत होते, खूप आवडलीस म्हणून!

बाई माझ्याकडे बघत होत्या. "याचं उत्तर तुम्हीच द्यायला हवं."

मी सतरंजीवर तिच्यासमोर सरकले. "या मावशी आपल्या दोघींना मदत करणार आहेत. नंतर आपण घरी जायचं. दर वेळी घरीच जायचं. तुला कुणाकडे द्यायला मी आणलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. दारावर आलेल्या विक्रेत्याला आपण म्हणतो, तसं.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. चोराच्या मनात चांदणं. दार लागल्यावर बूट काढून बसले होते, ते सगळं सांगितलं. तास संपू नये वाटलं, तेही. "म्हणजे मी तिला देऊन टाकणार असं तिला वाटलं, ते तसं चुकलं नव्हतंच," मी म्हणाले, आणि रडले.

"चुकलंच होतं," बाई म्हणाल्या. "दमलेल्या बाईने पाय पसरले, एवढंच झालं. पण ते मला सांगत जा, तिला नको. आणि यायचं ते दोघींनी."

खारूने दप्तर रिकामं केलं नाही. दाराशी तसंच ठेवलं. मला वाटलं, तू जाशील तिथे मी येईन, हे तिला दाखवावं. म्हणून माझा टूथब्रश तिच्या दप्तरात ठेवला. तिने तो लगेच काढून माझ्या हातात दिला.

"तुझा ओला आहे. माझे फ्रॉक भिजतील."

मी तो मुकाट्याने परत जागेवर ठेवला. दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी सकाळी माझा ब्रश सापडेना. नवऱ्यावर खेकसले, बेसिनखाली वाकून बघितलं, शेवटी बोटाने दात घासून निघाले. खारू दप्तर पाठीला लावून तयारच होती.

बाईंच्या खोलीत तिने पुन्हा सगळं मांडलं. दोन फ्रॉक. मोजे. डबा. तिचा ब्रश. आणि सगळ्यात खाली, पावाच्या पिशवीत घट्ट गुंडाळून वर स्वतःच्या केसांचं रबर लावलेला, माझा.

मी तो हातात घेतला.

"तू विसरतेस," ती म्हणाली.