नारीनचं चौथं कार्ड

बिश्केकहून येणारा एल्चिबेक चोर आहे, याबद्दल बुबुसाराला तिळमात्र शंका नव्हती. फक्त पुरावा नव्हता.

डोंगरातल्या नारीन गावच्या टेलिफोन कचेरीतला राउटर ती सांभाळायची. इस्पितळ, शाळा, बँक, सगळं त्याच्यावर, म्हणून तो बंद करायची सोय नाही. आत दोन मुख्य कार्डं: एक राबायचं, दुसरं वेळप्रसंगासाठी जागं बसायचं. हे दुसरं बिघडलं की चालत्या राउटरातूनच उपसून नवं बसवायला एल्चिबेक यायचा. नोव्हेंबरपासून तीनदा आला आणि तिन्ही कार्डं पंधरा दिवसांत मेली. आता वरून पत्र होतं: चौथं मेलं तर राउटर दुसरीकडे हलवायचा, ही खोली बंद आणि बुबुसारा घरी.

"चांगलं कार्ड बाजारात आणि मढं आमच्या गळ्यात," ती मनाशी म्हणाली. तक्रारीचा लिफाफा तिनं कोटाच्या खिशात तयारच ठेवला होता.

चौथ्या खेपेला दारात एल्चिबेक बूट काढायला वाकला, तेवढ्यात तिनं त्याच्या हातातला खोका 'धरायला' घेतला आणि कार्डाचा नंबर तळहातावर लिहून टाकला. बुटांसकट आत यायची कुणाची टाप नव्हती. दारापासून राउटरपर्यंत तिनं याच हिवाळ्यात आपल्या हातचा शिर्डाक अंथरला होता, नक्षीचं जाड लोकरी जाजम. पाहुण्याचे पाय गारठले तर घराची अब्रू जाते, मग ते घर सरकारी का असेना.

"एजे, तू माझ्याकडे असं बघतेस जसं मी तुझी मेंढी पळवली," लोकरी मोज्यांत पाय घासत एल्चिबेक म्हणाला. मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला 'एजे' म्हणायचा.

"मेंढी पळवली असतीस तर माफ केलं असतं. काम कर."

त्यानं स्वेटरच्या बाहीवर पट्टा आवळला आणि त्याची तार राउटरच्या सांगाड्याला अडकवली.

"बैलासारखं बांधून घेतोस?"

"नियम आहे. अंगातली वीज उतरते."

त्यानं बटण दाबलं, कार्डाचा दिवा विझेपर्यंत थांबला, स्क्रू सैल केले, दोन्ही खिट्या उघडून मेलेलं कार्ड ओढलं. नवं खाचेत सरकवून खिट्या बंद केल्या. बुबुसाराची नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही. दिवा हिरवा झाला. तिनं संगणकावर आत बसलेल्या कार्डाचा नंबर पाहिला, मग तळहात पाहिला.

तोच नंबर.

"झालं समाधान?" एल्चिबेक हसला. "मागच्या वेळी माझी पिशवी उचकलीस, तेही पाहिलं होतं मी."

"खायला तळलेले बोरसोक शोधत होते," ती निर्लज्जपणे म्हणाली.

पट्टा काढून तो चहासाठी शिर्डाकावरून चालत आला आणि किटलीला हात लावला. टिक. बोटातून ठिणगी उडाली.

"तुझी खोली चावते, एजे. दर खेपेला. दार, किटली, राउटरसुद्धा."

बुबुसाराचा पेला ओठाशीच थांबला. तिनं त्याच्या मोज्यांकडे पाहिलं, मग जाजमाकडे, मग त्या पट्ट्याकडे. बाहीवर बांधला होता. कातडीला टेकलाच नव्हता, म्हणजे लोकरीची वीज सांगाड्यात नव्हे, कार्डात उतरत होती.

गप्प राहणं सोपं होतं. कार्ड मरेल, लिफाफा जाईल, दोष याच्या माथी. खोली मात्र तरीही बंद पडेल, आणि हा पोरगा विनाकारण चोर ठरेल.

"अजून एक कार्ड आहे ना तुझ्याकडे?"

"शेवटचं. का?"

"हे काढ. कार्डं मारणारा सापडला."

"कोण?"

"तू त्याच्यावर उभा आहेस."

एल्चिबेकनं खाली पाहिलं. "हे अंथरलं कुणी?"

"बाही वर कर आधी. थंडीत कातडीला पट्टा नको वाटतो ना लाटसाहेबांना? मलाही माझी पापं मोजायला लावू नकोस."

तिनं शिर्डाक गुंडाळला, उघड्या फरशीवर त्याला उभं केलं. या खेपेला पट्टा मनगटाला गच्च, आधी सांगाड्याला हात, मग कार्ड. हिरवा दिवा लागला तसा तिनं खिशातला लिफाफा शेगडीत टाकला.

"काय होतं ते?"

"जुनी यादी." तिनं गुंडाळी त्याच्या खांद्यावर लादली. "घेऊन जा. भेट."

कार्ड महिनाभर मेलं नाही. पण त्या दिवशी एल्चिबेक बसथांब्यावर, बर्फात, शिर्डाक उलगडून प्रत्येक घडी तपासत होता. बुबुसारा खिडकीतून बघत होती. या बाईनं फुकट काही दिलंय, यावर त्याचा विश्वास बसेना.