चार सेकंदांची जाग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे तेरा वर्षांचा. माणसाचे हे वय शाळेत जाण्याचे असते, आमच्यात मात्र ते म्हातारपण धरतात. माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण माझ्या पोटात एकदा एक पुस्तक अडकले होते, तेवढे तरी सांगून ठेवावे असे वाटते.

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. एका तरुणाने रिकाम्या पेटीत एकेक भाग बसवला, स्क्रू आवळले आणि मला उभे केले. तिथून रिक्षात सांडूरावांच्या मांडीवर बसून मी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आलो. सांडूराव शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगा इंद्रजीत तेव्हा पॉलिटेक्निकला होता आणि मी त्याच्यासाठी आलो होतो. पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. गल्लीतल्या मुली आपला निकाल बघायला माझ्यासमोर दाटी करून उभ्या राहत. सांडूरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी जुन्या साडीचे झाकण शिवून माझ्यावर घातले. पुढे इंद्रजीतला लॅपटॉप मिळाला आणि दोन वर्षे ते झाकण वर्षातून एकदा पूजेलाच काय ते निघाले. याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तूंचे असे होते.

मग एके दिवशी सांडूरावांनी झाकण काढले आणि एका बोटाने मराठीत लिहायला सुरुवात केली. कारखान्यात खेड्यापाड्यांतून नवी मुले येत. यंत्र अडले की काय बघायचे, हे त्यांना कळत नसे, आणि यंत्रांची पुस्तके इंग्रजीत. सांडूरावांना मात्र यंत्राच्या आवाजावरून, वासावरून दुखणे समजे. ते सारे त्यांनी लिहून काढले. ‘पट्टा घसरला तर’, ‘बेअरिंग ओरडले तर’, ‘यंत्र विनाकारण तापले तर’. नऊ वर्षांत एकशे चाळीस पाने झाली. ती फक्त माझ्यात होती. त्यांनी ती छापली नाहीत, दुसरीकडे उतरवूनही ठेवली नाहीत. चुका असतील, लोक हसतील, असे त्यांना वाटे.

त्यांच्या हाताखाली शिकलेला बुद्धभूषण आता त्याच कारखान्यात नव्या कामगारांना शिकवतो. तो दोन वर्षे पुस्तक मागत होता. सांडूराव निवृत्त झाले तरी त्यांचे उत्तर तेच, की अजून दोन पाने राहिली आहेत. शेवटी बुद्धभूषणनेच दिवस ठरवला. सोमवारी नवी तुकडी येणार आणि ती या पुस्तकावरूनच शिकणार. सांडूराव हो म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी माझे बटण दाबले. माझा पंखा फिरला, दिवा लागला आणि चार सेकंदांत मी बंद पडलो. भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा लावले. पुन्हा चार सेकंद. त्या दिवशी मी असा वीसेक वेळा जागा झालो. चार सेकंदांत माणसांचे चेहरे दिसतात, पण त्यांना काही सांगता येत नाही.

सांडूराव घाबरले, तरी कामाची रीत सोडली नाही. त्यांनी वही घेतली. वायर बदलली, लिहिले. माझी बाजूची पत्र्याची झडप काढली, पंख्यातली धूळ फुंकली, लिहिले. मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरने घासली आणि परत बसवली. प्रत्येक ओळीपुढे तेच, की पंखा फिरतो, चार सेकंद, बंद. दुकानातल्या मेकॅनिकला फोन केला. तो मंगळवारी येणार होता. आतली डिस्क चांगली असेल तर सगळे परत मिळेल, तीच गेली असेल तर काही सांगता येत नाही, असे तो म्हणाला.

“आबा, बोर्ड गेलं असंल ह्याचं,” इंद्रजीत म्हणाला. “सोडा आता. नवा घेऊ.”

“नवा घेशील. आतलं कुठून आणशील?”

स्वयंपाकघरातून लक्ष्मीबाई म्हणाल्या, “साऱ्या शेंद्र्याच्या मशीनी नीट करायचं पुस्तक लिव्हलं, अन् घरातली पेटी काय चालंना.”

इंद्रजीत हसला. सांडूरावांनी बुद्धभूषणला फोन लावून पुस्तक देता येणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर थोडी सुटकाही दिसली, असे मला वाटले. कदाचित माझी चूक असेल. पण बुद्धभूषण म्हणाला, “काका, मग तुम्हीच या. तोंडी सांगा पोरांना.” तीस माणसांपुढे उभे राहून बोलायचे, या विचाराने सांडूराव जेवलेही नाहीत.

रविवारी सकाळी लक्ष्मीबाई माझ्यावर फडके फिरवत होत्या. त्या माझ्या बटणाजवळ थांबल्या.

“अहो, हे आत बसलंय. मिक्सरचं बटण पीठ जाऊन असंच बसतं.”

मित्रांनो, दरवर्षी खंडेनवमीला या घरात माझी पूजा होई. कारखान्यात यंत्रांची होते, तशी घरी माझी. लक्ष्मीबाई पाण्यात कालवलेले हळदकुंकू बरोबर माझ्या बटणावर लावत, कारण पेटीला कपाळ म्हणावे अशी तीच जागा होती. लावलेले कुंकू पुसू नये, म्हणून नंतर सगळीकडे फडके फिरे, तेवढी जागा सोडून. तेरा वर्षांचे थर बटणाच्या कडेने आत उतरले होते. यंदाच्या नवमीनंतर बटण जे दाबले गेले, ते वर आलेच नाही. बटण दाबून धरले की मी चार सेकंदांत बंद होतो. तशी माझी घडणच आहे.

सांडूराव उठून आले. ओले फडके लक्ष्मीबाईंच्या हातात तसेच राहिले.

“कुंकू पुसू कसं?” त्या हळूच म्हणाल्या.

“अगं, कंपनीत आम्ही दुसऱ्या दिवशी मशीन पुसूनच चालू करायचो.”

“अन् हे मला आत्ता सांगता व्हय? तेरा वर्षांनी?”

लक्ष्मीबाईंनी मला हात जोडले आणि पुसायला घेतले. सुईच्या टोकाने त्यांनी लाल कड कोरून काढली. बटण टक करून वर आले. सांडूरावांनी ते एकदा दाबून सोडले.

चार सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. पडदा उजळला. पहिल्या पानावर ‘यंत्र अडले तर’ अशी अक्षरे आली तेव्हा सांडूराव खुर्चीवर बसले. इंद्रजीतने न विचारता पेन ड्राइव्ह लावला.

“थांब,” सांडूराव म्हणाले. “एकदा वाचून बघतो सगळं.”

“काल हेच गेलं असतं,” लक्ष्मीबाई म्हणाल्या, “मग काय वाचलं असतं?”

सांडूरावांनी इंद्रजीतकडे बघितले आणि होकारार्थी मान हलवली.

सोमवारी पुस्तक शेंद्र्याला गेले. गुरुवारी बुद्धभूषणचा फोन आला. तुकडीतल्या एकाने दोन चुका काढल्या होत्या. एका पट्ट्याचे माप उलटे होते आणि एक आकृती दुसऱ्याच पानावर पडली होती. सांडूराव ज्या दिवसाला नऊ वर्षे भीत होते, तो हा दिवस. त्यांनी चुका वहीत टिपल्या, त्या कामगाराचे नाव विचारून घेतले आणि मला सुरू केले. अर्ध्या तासात दोन्ही दुरुस्त झाल्या. तेवढा अर्धा तास ते गुणगुणत होते. यापूर्वी मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकले नव्हते.

आता मला रोज कुणी उघडत नाही. पुस्तक तीन ठिकाणी आहे आणि माझी तितकीशी गरज राहिलेली नाही. ते योग्यच आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना मान द्या, पण दुसऱ्या दिवशी फडकेही फिरवा. आणि आपले कष्टाचे काम एकट्या माझ्यासारख्याच्या पोटात ठेवून निर्धास्त राहू नका. मी ते सांभाळीन, पण ते समजून वाचायला मला येत नाही, आणि त्यातली चूक मला कधीच सापडली नसती.